वैष्णोदेवीच्या नाण्याचे दहा लाख विसरा, आधी दोन रुपये बघा

पत्र आलंय गुहागरहून. जरा कापून देतोय, बाकी तसंच ठेवलंय.

"नमस्कार. मी एसटीत कंडक्टर आहे. आजी मे महिन्यात वारली, तिच्या ट्रंकेत पत्र्याचा एक डबा निघाला. त्यात साठ-सत्तर जुनी नाणी आहेत. भोकाचे पैसे, राजाचं डोकं असलेली तांब्याची, दोन राणीछाप रुपये, आणि एक वेडंवाकडं तांब्याचं, त्यावर देवनागरी अक्षरं आहेत. ते बघून मला नादच लागलाय. माझ्या हातातून रोज एवढी चिल्लर जाते पण कधी नीट बघितलीच नव्हती. सुरुवात कुठून करू? हा डबा चिंच लावून घासून ठेवू का? चुलत भावाने व्हिडिओ पाठवलाय की वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला दहा लाख मिळतात. माझ्याकडे तशी तीन आहेत. त्यातल्या नंबरवर फोन केला तर म्हणाले रजिस्ट्रेशनचे अडीच हजार आधी भरा. भरू का? बायको म्हणते हे भंगार घरात नको. मुलगी चौथीत आहे, तिला मात्र भारी आवड लागलीये. - चिल्लरवाला, गुहागर"

चिल्लरवाले भाऊ,

घाईचं आधी सांगतो. अडीच हजार भरू नका. भरले असतील तर पुढचे भरू नका, कारण हे लोक अडीच हजारावर थांबत नाहीत, मग जीएसटी येतो, मग कुरिअरचा विमा, मग रिझर्व्ह बँकेची एनओसी, आणि दर वेळी समोरचा माणूस इतकं गोड बोलतो की आपल्यालाच वाटतं आता एवढे गेले तर हे शेवटचे भरून टाकू. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही, आम्ही कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही आणि घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही. पैसे ऑलरेडी गेले असतील तर १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितकं बरं. आणि साधा व्यवहार बघा ना, माल तुमचा, विकणारे तुम्ही, तर पैसे तुम्ही का देताय?

आता त्या वैष्णोदेवीचं. ते नाणं २०१२ सालचं, पाच आणि दहा रुपयांत निघालं, चलनात आलं, लोकांनी श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवलं म्हणून हातात कमी येतं एवढंच. पण गुहागरच्या एका कंडक्टरच्या पिशवीतच जर तीन निघत असतील तर देशात किती असतील याचा अंदाज करा. दहा लाखाचं नाणं तिकिटाच्या सुट्ट्यात येत नाही. तिन्ही ठेवा, छान आहेत, एक मुलीला द्या. फसवणुकीची अजून एक जात सांगून ठेवतो, म्हणजे तुमचा भाऊ पुढचा व्हिडिओ पाठवेल तेव्हा उपयोगी पडेल. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ किंवा १६१६ असं काहीतरी साल, आणि मागे हनुमान नाहीतर राम-सीता नाहीतर ओम. कंपनीने असलं नाणं कधी पाडलेलंच नाही. ही यात्रेच्या ठिकाणी विकायची टोकनं आहेत, आणि ती तांदूळ ओढतात, त्यात कॉपर-इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोटीत घेते वगैरे सांगून लोकांना लाखांनी बुडवलंय. तांदूळ नाही ओढत, पैसे ओढतात.

आता डबा. चिंच नको. आमसूल नको, पितांबरी नको, राख नको, लिंबू-मीठ तर अजिबात नको. मला माहितीये आपल्याकडे तांब्याचा हंडा आमसुलाने असा लख्ख होतो की बघत राहावं, पण हंड्यावर आपल्याला जे नको असतं तेच नाण्यावर हवं असतं. तांब्यावर वर्षानुवर्षं जो काळपट-चॉकलेटी थर बसतो त्याला जाणकार पॅटिना म्हणतात, तो खालच्या धातूला सांभाळतो आणि बघणाऱ्याला सांगतो की नाणं अस्सल जुनं आहे. आंबटाने तो जातो, त्याच्यासोबत अक्षरांच्या कडाही थोड्या जातात, आणि खाली जो गुलाबी-लाल तांब्याचा रंग निघतो तो बघूनच घेणारा माणूस भाव निम्म्यावर आणतो, कधी हातसुद्धा लावत नाही. परत आणता येत नाही ते. फार माती बसली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच, त्यात रात्रभर ठेवा, सकाळी मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. घासायचं नाही, टिपायचं.

एक गोष्ट मात्र नीट बघायची, कारण आपण खाऱ्या हवेत राहतो. तांब्याची सगळी नाणी दिवसाउजेडी पांढऱ्या कागदावर मांडा आणि हिरवं कुठे दिसतंय ते बघा. हिरवं दोन तऱ्हेचं असतं. एक गडद, घट्ट, नखाने खरवडलं तरी हलत नाही, ते असू दे. दुसरं फिकट हिरवं, जवळजवळ पोपटी, पावडरसारखं, बोटाला लागतं, पुसलं तर पंधरा दिवसांत त्याच जागी परत हजर. हे वाईट. मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरलं आणि वर दमट हवा मिळाली की ते आतून खात राहतं. असं नाणं निघालं तर ते लगेच वेगळ्या डबीत, कोरडं ठेवा, बाकीच्यांत मिसळू नका. सह्याद्रीच्या वर राहणाऱ्यांना हा त्रास कमी, आपल्याला जून ते सप्टेंबर भिंतींनाच घाम फुटलेला असतो.

म्हणून ठेवायचं कसं ते इथेच सांगतो. पत्र्याच्या डब्यात एकावर एक नको, घासतात. बाजारात ते मऊ, वास येणारे प्लास्टिकचे पाऊच मिळतात, स्वस्त असतात, ते पीव्हीसीचे, काही वर्षांत नाण्यावर चिकट हिरवा लेप चढवतात. त्याऐवजी पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या ज्यात मधे पारदर्शक खिडकी असते, त्यावर पेनाने सालही लिहिता येतं. रबरबँड लावून पुरचुंडी करू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. अल्बम एअरटाइट डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या शूजच्या खोक्यातल्या सात वर्षांपूर्वीच्या नकोत, त्या कधीच भरून गेल्यात, दर मे महिन्यात नव्या आणा. डबा माळ्यावर नको, स्वयंपाकघरात नको, समुद्राकडच्या भिंतीला लागून नको. माजघरातलं कपाट बरं. आणि नाणं धरताना कडेने, दोन बोटांत. तुमचं बोट पडायचं तर कडेवर पडू दे, राजाच्या गालावर नको.

डब्यात काय असेल याचा तुमच्या पत्रावरून अंदाज बांधतो.

भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ चे. महायुद्धात तांबं महाग आणि कमी पडायला लागलं म्हणून मधलं काढून घेतलं. आमच्या लहानपणीच्या म्हाताऱ्या माणसांनी ते वायसर म्हणून वापरलेले, पोरांच्या करदोड्यात ओवलेले, त्यामुळे गुळगुळीत झालेले फार, अक्षर खणखणीत असलेले कमी. किंमत किरकोळच, पण वर्षवार लावायला मजा येते. राजाच्या डोक्याचे तांब्याचे म्हणजे बहुतेक पाव आणे. पाव आणा म्हणजे एक पैसा, असे चौसष्ट मिळून रुपया. त्यात १९११ साल निघतंय का बघा. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या झग्यावर हत्ती कोरलाय, तो हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ पासून सोंड नीट दाखवून सुधारला. भिंग लावून तो हत्ती शोधा, मुलीला शोधायला लावा, अर्धा तास जाईल. कमळाचे पितळी वीस पैसे असतील तर ते १९६८ ते १९७१ चे, लक्ष्मीपूजनाला लोकांनी मुद्दाम मागे ठेवलेले, त्यात सोनं आहे अशी आवई होती, सोनं नाही.

राणीछाप दोन रुपये. यात आधी राणीच्या डोक्याभोवतीचं इंग्रजी वाचा. क्वीन असेल तर १८४० चा कंपनीचा किंवा १८६२ ते १८७६ मधला, एम्प्रेस असेल तर १८७७ नंतरचा. वजन ११.६६ ग्रॅम हवं. आपला तोळा म्हणजे हाच, रुपयाचं वजन, म्हणून सोनार पूर्वी तराजूत रुपयाच टाकायचे. झिजून थोडं कमी भरेल, पण साडेदहा भरलं किंवा साडेबारा भरलं तर शंका घ्या. लोहचुंबक लावा, चांदी चिकटत नाही. मात्र १९४७ चा रुपया चिकटतो आणि तो खोटा नाही बरं, तो निकेलचाच आहे, मागे वाघ असलेला. १९४० ते ४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, आधीच्यात ९१.७ टक्के. आणि वर डोक्यापाशी झाळल्याचा डाग दिसतोय का बघा, माळेत ओवायला कडी लावून मग काढलेली असते, तसा असेल तर जमवणाऱ्याच्या दृष्टीने त्याची किंमत चांदीपुरतीच. सराफाकडे मोडीत देऊ नका लगेच, सराफ वजन करतो, साल वाचत नाही. उलट कुणी तुम्हाला १९३९ चा रुपया विकायला आला तर दुरूनच नमस्कार करा, ते साल खरंच दुर्मिळ आहे म्हणून खोटंही त्याचंच सगळ्यात जास्त.

आणि ते वेडंवाकडं तांब्याचं. हे वाचून मी खुर्चीत जरा पुढे सरकलो. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत छत्र, पति असं असेल, भोवती ठिपक्यांचं कडं असेल, तर ती शिवराई. महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पाडायला सुरुवात केली, पण लगेच उड्या मारू नका, कारण हीच अक्षरं पुढे छत्रपतींच्या वारसांनी आणि पेशवाईतही कितीतरी टाकसाळींत पाडली, शंभर-दीडशे वर्षं. घराघरांत सापडतात त्यातल्या बहुतेक त्या नंतरच्या, मधे दोन आडव्या रेघा असतील तर तिला दुदांडी म्हणतात, तीही नंतरचीच. अक्षरं अर्धवट कापलेली असतील तर ती खराबी समजू नका, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, जेवढं मावलं तेवढं उमटलं. अक्षरं सगळीच्या सगळी, गोल, सुबक आणि कड सायकलच्या बेअरिंगसारखी गुळगुळीत असेल तर मात्र ती ओतीव नक्कल असायची शक्यता जास्त, रायगडाच्या पायथ्यापासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे नक्कल मिळते. सोन्याचा होन कुणी घेऊन आला तर काहीच बोलू नका, चहा पाजा आणि पाठवून द्या.

तुमच्या भागाचं अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. धोपाव्याहून फेरीबोटीने समोर जाता ते दाभोळ, आदिलशाहीत केवढं मोठं बंदर होतं. इराणच्या आखाताशी व्यापार, आणि त्या व्यापारात लारी नावाचं चांदीचं नाणं चालायचं, म्हणजे गोल नाहीच, चांदीची जाड तार मधोमध दुमडलेली आणि वर अरबी-फारसी अक्षरं ठोकलेली. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने तशी पाडली आणि कोकणात त्यांचे साठे सापडलेत. कुणाच्या जुन्या घरी अशी दुमडलेली तार निघाली तर दागिन्याचा तुटका तुकडा समजून आटवू नका म्हणावं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सुरुवात कुठून. लोक सांगतात जगातली सगळी नाणी जमवा, मग माणूस दोन किलो परदेशी चिल्लर विकत घेतो आणि सहा महिन्यांत कंटाळतो. माझं मत स्पष्ट आहे, एक छोटा विषय धरा आणि त्यात खोल जा, विकत काही घेऊ नका. तुमच्यासाठी मी विषयही काढून ठेवलाय, दोन रुपये. फक्त दोन रुपयाचं नाणं. तुमच्या हातात ते रोज येतं आणि त्याच्याइतकी रूपं बदललेलं दुसरं नाणं आपल्याकडे क्वचितच असेल. १९८२ ला सुरू झालं. नव्वदच्या दशकात ते अकरा कोनांचं झालं, मागे भारताचा नकाशा आणि झेंडा. २००५ ला स्टीलचं गोल आलं ज्यावर ती फुली आहे, चार टोकं एकत्र येतायत असं चित्र होतं, लोकांना क्रॉस वाटला, वाद झाला. तुम्हाला ते दुसऱ्या कारणाने आठवत असेल, रुपया आणि दोन रुपये एकाच मापाचे वाटायचे आणि अंधारात म्हाताऱ्या बायका रुपया समजून दोन द्यायच्या आणि मग स्टॉप गेल्यावर ओरडायच्या. २००७ ला हाताची दोन बोटं आली. २०११ ला ₹ चिन्हवालं. २०१९ ला धान्याच्या लोंब्यांचं. २०२२ ला अमृत महोत्सवाचं. ही झाली सात रूपं, आणि सगळी दर्शनी किमतीत.

मग त्यात दुसरा थर. साल ज्या ओळीत लिहिलंय त्याच्या खाली भिंगाने बघा. चौकट म्हणजे डायमंड असेल तर मुंबईच्या टाकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. आज घरी जाऊन आपल्या खिशातली चार नाणी अशी बघा. एकाच सालची दोन नाणी हातात धरून एकाखाली चांदणी आणि एकाखाली ठिपका दिसला की जे होतं ना, तोच हा नाद, त्याच्यापुढे दहा लाखाचा व्हिडिओ फिका. शिवाय नव्वदच्या दशकात आपल्या टाकसाळींना मागणी पुरी पडेना म्हणून काही नाणी परदेशात पाडून आणली, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, स्लोव्हाकिया, रशिया, त्यांच्या खुणा वेगळ्या. रत्नागिरी-गुहागर गाडीत मेक्सिकोत पाडलेलं नाणं फिरत असेल हे प्रवाशाला सांगाल तर तो तुमच्याकडे बघत बसेल.

तिसरा थर स्मारक नाण्यांचा, म्हणजे कुणाच्या तरी निमित्ताने काढलेली. अकरा कोनांच्याच दोन रुपयांत देशबंधू चित्तरंजन दास १९९८, छत्रपती शिवाजी महाराज १९९९, संत तुकाराम २००२, आणि २००३ चं रेल्वेच्या दीडशे वर्षांचं, त्यावर कंदील घेतलेला गार्ड हत्ती आहे, भोलू. ही आता चलनातून जवळजवळ गेलीत पण अचानक येतात, कुणीतरी गल्ला फोडलेला असतो. पुढे वाटलं तर आपल्या माणसांची एक ओळ वेगळी लावा, रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचं पाच रुपयाचं २००७ चं आहे, आणि ज्यांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे त्या बाबासाहेबांचं एक रुपयाचं १९९० चं. पण हे पुढे. आधी दोन रुपये पुरे करा.

पिशवीतून नाणं उचलताना एक पथ्य. ड्युटीवर चढताना स्वतःजवळचे पैसे किती ते लिहून द्यावं लागतं हे तुम्ही मला शिकवाल, तेव्हा अदलाबदल तिथल्या तिथे, दोन घेतले तर दोन टाकले, घरी जाऊन टाकू असं नाही. त्याहून चांगलं म्हणजे ड्युटी संपल्यावर कॅश भरायच्या आधी कॅशियरला सांगून बदलून घ्या. लपवण्यासारखं यात काही नाही, उलट डेपोत कळलं की बाकीचे कंडक्टर स्वतःहून आणून देतील. आता यूपीआयमुळे चिल्लर कमी झालीये तुमच्याकडे, मान्य. मग देवस्थानची दानपेटी मोजायला बसा, माणसं कमीच पडतात आणि तिथे जे निघतं ते बाजारात निघत नाही, लोकांनी घरात सापडलेली बंद झालेली नाणी देवाला वाहिलेली असतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी ३० जून २०११ पासून बंद आहेत, ट्रस्टला त्यांचा उपयोग नाही, रीतसर विचारून, पावती करून घ्या. पन्नास पैसे अजून कायद्याने चालू आहेत, दुकानदार काहीही म्हणो, तसंच दहा रुपयाच्या नाण्याचं, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलंय की तोवर दहाची चौदा डिझाइन निघाली होती आणि चौदाही चालतात. हे तुम्हाला गाडीतही उपयोगी.

आणि गणपतीत चाकरमानी येतील, मस्कत-कुवेतवाले मे महिन्यात येतील, त्यांना सांगून ठेवा. दुबईच्या एक दिरहमच्या नाण्यावर कॉफीची सुरई असते, ते तर आपल्याकडे प्रत्येक तिसऱ्या घरात पडलेलं आहे. सिंधुदुर्गाकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्या घरी पोर्तुगीज गोव्याची निघतात, डिसेंबर १९६१ च्या आधीची, शेवटी शेवटी एस्कुदो चालायचे. फुकट मिळालं तर घ्या, विषय मात्र सोडू नका.

साहित्य म्हणाल तर दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, सोनार वापरतात तो खिशातला वजनकाटा ज्यावर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दिसतं, होल्डर, आणि दोनशे पानी वही. झालं. मोबाइलवर न्यूमिस्टा म्हणून साइट आहे, फुकट, त्यावर देश आणि रक्कम टाकली की फोटोसकट सगळी रूपं येतात, इंग्रजीत आहे पण आकडे-फोटो कळतात. मुंबईला नातेवाइकांकडे जाल तेव्हा फोर्टात रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम बघा, मुलीला घेऊन. त्र्यंबकेश्वरला गेलात तर वाटेत अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं म्युझियम आहे, आपल्या महाराष्ट्रात अशी जागा आहे हेच लोकांना माहीत नसतं. खरी नाणी डोळ्यांखालून गेली की खोटं आपोआप टोचायला लागतं, त्यामुळे वर्षभर तरी फक्त बघा. मग घ्यायचं तर प्रदर्शनात, बिल देणाऱ्याकडून, एका वेळी एक.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे दुबईच्या भावाला शिवराई भेट वगैरे भानगड नको. आणि चिरेखाणीत, विहीर खणताना, घराचा पाया काढताना मडकं निघालं तर १८७८ चा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. गडकिल्ल्यांवर पावसाळ्यात नाणी शोधत फिरणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका आणि त्यांच्याकडून घेऊही नका.

घरातलं राहिलं. वहिनी भंगार म्हणतात तर दोन रुपयांचा अल्बम त्यांच्यासमोर ठेवा आणि खर्च सांगा, होल्डर सोडले तर जेवढे रुपये आत तेवढाच खर्च, उद्या गरज पडली तर किराणा आणता येईल. मला वाटतं त्यांची भीती वेगळी आहे, अडीच हजारवाली, आणि ती बरोबर आहे. तेव्हा तो नंबर त्यांच्यासमोर ब्लॉक करा, भांडण तिथेच निम्मं होईल. दुसरं म्हणजे डबा आजीचा आहे, फक्त तुमचा नाही. चुलत भावाला व्हिडिओ पाठवायचं सुचलं म्हणजे त्याच्या डोक्यात तो डबा आहेच. आपल्याकडे एका कलमाच्या फांदीवरून तीन पिढ्या कोर्टात जातात, इथे तर चांदी आहे. सगळ्या नाण्यांची यादी करा, फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका, आणि मी सांभाळतोय, विकणार नाही, कुणाला बघायचं असेल तर या, असं लिहा. सांभाळायची कटकट कुणालाच नको असते, डबा तुमच्याकडेच राहील, पण तो सगळ्यांना विचारून राहू दे.

मुलीला वहीचं काम द्या. साल, टाकसाळ, कधी मिळालं, कुठल्या गाडीत मिळालं, हे तिने लिहायचं, आणि शेजारी नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलने घासून ठसा काढायचा. यात नाण्याला काही होत नाही, फक्त आजीची जुनी नको, तुमचे दोन रुपये. पुढे-मागे तुम्ही थकाल, ती थकणार नाही.

त्या देवनागरीवाल्याचा फोटो पाठवा. दोन्ही बाजू, फ्लॅश बंद, खिडकीजवळच्या उजेडात, शेजारी शाळेची पट्टी ठेवून, आणि वजन लिहा. चिंच लावून झाली असेल तरी पाठवा, ओरडणार नाही.